कुसुमकाकूंच्या सायडकारची गादी

आमच्या नाशिकला थंडीतल्या एका रविवारी सायडकारवाल्यांचा मेळावा भरतो. ही मंडळी दिवाळीला एक छोटा अंकही काढतात. त्यात गाड्यांचे फोटो असतात, कोण कुठे फिरून आलं ते असतं. यंदा त्यांच्यातले दातांचे डॉक्टर आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, "सुमनताई, या वेळी तुम्ही लिहायचं. आमच्या निम्म्या गाड्यांच्या गाद्या तुमच्या हातच्या आहेत." मी मान हलवून नाही म्हटलं. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण ते गेल्यावर मशीनवर बसले तरी मनात वाक्यंच यायला लागली. म्हणून नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. अंकाला काही देणार नाही. लिहून ठेवते एवढंच.

आमचं दुकान नाशिक रोडला. गाड्यांच्या सीट कव्हरचं. मी लग्न होऊन सायखेड्याहून आले तेव्हा दुकानात एक मशीन होतं आणि कारागीर नुकताच सोडून गेला होता. माझ्या यजमानांना बोलता छान येतं, शिवता येत नाही. मला शिवता येत होतं, बोलता येत नव्हतं. तेव्हा दुकानाच्या मध्ये पडदा लावला. बाहेर हे, आत मी. गिऱ्हाईक यांच्याशी बोलायचं, माप यांच्याकडून पडद्याआड यायचं आणि शिवलेली सीट पडद्याबाहेर जायची. "काय हात आहे हो तुमचा!" असं गिऱ्हाईक यांना म्हणायचं आणि हे म्हणायचे, "चाललंय आपलं." सुरुवातीला मला त्यात काही वाटलं नाही. नंतर कधी कधी वाटायचं. पण पडदा काढून टाकावा असंही वाटायचं नाही.

सायडकार म्हणजे मोटरसायकलच्या किंवा स्कूटरच्या डाव्या अंगाला जोडलेला एका चाकाचा डबा. त्यात एक माणूस पाय पसरून बसतो. पूर्वी घरात मोटार घेणं परवडत नसे, तेव्हा लोक स्कूटरला असा डबा लावून बायकामुलांना फिरवायचे. आता हौस म्हणून ठेवतात. त्याची गादी शिवणं हे घरातल्या खुर्चीपेक्षा वेगळं काम आहे. डब्याला चाक एकच, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ बसणाऱ्याच्या कमरेत जातो. नुसता मऊ फोम घातला तर माणूस पहिल्या मैलातच फळीवर टेकतो. खाली कडक फोम, वर मऊ फोम, खालच्या फळीला भोकं. भोकं यासाठी की डब्यावरचा टप कितीही चांगला असला तरी पाऊस आत येतोच, आणि पाणी साचलं की फळी कुजते.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. रिकाम्या डब्याची गाडी डावीकडे वळवली की डबा जमिनीवरून उचलला जातो. म्हणून कोणी बसणारं नसेल तर त्यात वाळूची पिशवी ठेवतात. त्या पिशव्याही मीच शिवते. एकाने तर पिशवीला बायकोच्या जुन्या साडीचं कव्हर घालून मागितलं. मला भलतंच वाईट वाटलं. नंतर यांनी विचारलं तेव्हा कळलं, बायको पंधरा दिवस माहेरी गेली होती.

मेळाव्यात मात्र वाळूची पिशवी चालत नाही. तिथला नियमच आहे, फेरीला एकही डबा रिकामा जायचा नाही. ज्याच्याबरोबर कोणी नसेल त्याने बघायला आलेल्यांतल्या कोणाला तरी बसवायचं. हे सगळं मला यांच्याकडून ऐकून माहीत. मी स्वतः कधी मेळाव्याला गेले नव्हते.

कळवणकडच्या एका शेतकऱ्याने मात्र मला पडद्याबाहेर काढलं. आपल्या कुत्र्याला घेऊन तो दुकानात आला आणि म्हणाला, "ह्याचं माप घ्या."

"कुत्र्याचं?" यांनी विचारलं.

"मंग माझं घेता का? मी गाडी चालवनार हाय. बसनार हा."

हे हसायला लागले. तो माणूस मात्र गंभीर. "रेक्झिनवर घसरतो वो. वळन आलं का बिचारा सगळा एका कोपऱ्यात. लय माणसाळू हाय, पर भेतो." यांना माप घेता येईना, कारण कुत्रा यांच्यावर गुरगुरत होता. शेवटी मी टेप घेऊन बाहेर आले. कुत्र्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं ते माप होईपर्यंत काढलं नाही. त्याच्या गादीवर मी रेक्झिनऐवजी जाड सतरंजी शिवली. पुढच्या हंगामात तो माणूस डाळिंबं घेऊन आला आणि यांना म्हणाला, "तुम्हाला नाय. आतल्या ताईंना."

असं हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही आणि तीही लिहायला हवी. एका बाईची स्कूटर आली होती, सायडकारची गादी बदलायला. ती त्यात आपल्या लेकीला शाळेत न्यायची. जुनी गादी काढल्यावर मला दिसलं की डब्याची तळाची फळी एका कडेला भुसभुशीत झाली आहे. गिऱ्हाइकाने गादी सांगितली होती, फळी नाही. मी यांना सांगायचं ठरवलं, पण बाहेर चार माणसं बसली होती. मी पडद्याशी जाऊन परत आले. मग काम आटोपलं, गाडी गेली. दोन महिन्यांनी कळलं, पोरीचा पाय फळीतून आरपार गेला. पायाला टाके पडले. ती बाई भांडायला आली नाही, तिला ठाऊकच नव्हतं की मी पाहिलं होतं. त्या दिवसापासून तळाची फळी खराब दिसली की मी यांच्याकडून सांगून पाठवते. स्वतः बाहेर जाऊन सांगायचं धाडस मात्र तेव्हाही आलं नाही.

आता कुसुमकाकूंचं सांगते.

दिनकरकाका आमचे जुने गिऱ्हाईक. राहायला आनंदवलीला. काळी मोटरसायकल, तिला काळाच डबा, आणि त्यात चाळीस वर्षं कुसुमकाकू. मेळाव्यातली सर्वांत जुनी जोडी. गेल्या वर्षी ते आले नाहीत आणि या वर्षी मेळाव्याच्या महिनाभर आधी काका एकटेच दुकानात आले. काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. आता थोडं चालतात, बोलतात, पण बसवलं की हळूहळू डावीकडे कलतात. आणि डब्यात डावी बाजू म्हणजे बाहेरची, उघडी बाजू.

"अशी गादी होईल का, जी तिला सरळ धरेल?" काकांनी विचारलं. हे काही बोलायच्या आत मी पडद्यातूनच म्हटलं, "माप घ्यायला घरी येते."

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. डाव्या बाजूला उशा लावलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "ये. बघ माझा झुकता मनोरा." जीभ जरा जड झाली होती, पण धार गेलेली नव्हती.

त्यांचा मुलगा प्रशांत जवळच होता. म्हणाला, "ताई, मी तर म्हणतो एक पट्टा लावू. छातीवरून मागे बांधलं की आई हलणार नाही."

"मी भाजीची पाटी आहे का रे?" काकू म्हणाल्या. "बांधून नेणार असशील तर मी येत नाही."

"आई, पडलीस तर?"

"चाळीस वर्षं ह्यांनी गाडी कशीही वळवली तरी पडले नाही. आता बांधून घेऊ?" मग काकांकडे बघून, "इतकी वर्षं मला डाव्या हाताला बसवलंत. शेवटी डाव्या अंगानंच दगा दिला की नाही?"

काका नुसते हसले. मी काकूंच्या काखेपासून कमरेपर्यंत माप घेतलं, कागदावर खाका काढला. पाठीच्या डाव्या कडेला काखेखाली येईल असा एक जाड, कडक उंचवटा करायचा होता. दिसायला तो गादीचाच भाग दिसायला हवा, आधार वाटायला नको.

प्रशांत मला गेटपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, दीड वर्षात आई दवाखाना सोडून कुठे गेली नाही. तिथे जातानाही तोंडावर पदर घेते. मेळाव्याला येते असं ती स्वतः म्हणाली. पण सगळ्यांसमोर कलंडली ना, तर परत उंबरा ओलांडायची नाही. मी ओळखतो तिला." एवढं म्हणून त्याने गेट लावून घेतलं.

गादी शिवायला मला आठवडा लागला. साधी गादी मी दोन दिवसांत करते. काळं रेक्झिन, कडेने बारीक लाल गोट. आमच्या धंद्यात बाकीचे आधी फोम कापतात आणि त्यावर कव्हर बेततात. मी उलटं करते, आधी कव्हर शिवते आणि मग कव्हरच्या मापाने फोम भरते. त्याने सुरकुती राहत नाही. माझ्या गाद्या ओळखू येतात त्या त्यामुळेच, आणि तेच मला नडलं.

मेळाव्याच्या सकाळी साडेसातला यांच्या स्कूटरवर बसून आम्ही आनंदवलीला गेलो. गादी बसवली, स्क्रू आवळले. काका आणि प्रशांतने काकूंना धरून डब्यात बसवलं. काकूंनी निळी साडी नेसली होती, केसांत फूल होतं. दोघांनी हात सोडले. काकू क्षणभर सरळ होत्या. मग हळूच, पाण्यात होडी कलावी तशा, डावीकडे गेल्या. आधार होता तो त्यांच्या उजव्या हाताला.

मला कळायला वेळ लागला नाही. रेक्झिन कापताना त्याची उलटी बाजू वर ठेवतात आणि तिच्यावर खुणा करतात. म्हणून कागदाचा खाका पालथा करून ठेवावा लागतो. मी तो सरळ ठेवला होता. गादीच्या दोन्ही बाजू नेहमी सारख्याच असतात, त्यामुळे तीस वर्षांत मला खाका पालथा करायची गरजच पडली नव्हती. कव्हर उलटं झालं आणि कव्हरच्या मापाने भरलेला फोमही उलटा गेला. टेबलावर गादी समोरून बघताना उंचवटा माझ्या डाव्या हाताला दिसत होता, म्हणून मला तो बरोबरच वाटत राहिला. बसणाऱ्याचा डावा हात आणि समोर उभ्या असलेल्याचा डावा हात वेगळा, हे मी विसरले.

"राहू दे बाबा," प्रशांत म्हणाला. "मी ओढणी आणतो, बांधू."

काकू कोणाकडेच बघत नव्हत्या. उजव्या हाताने पदर ओढून त्यांनी तोंडावर घेतला. "मला आत न्या," त्या म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघत होते. काय बोलावं ते यांनाही सुचत नव्हतं, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, इथे पडदा असता तर मी मागे गेले असते. मग ती पोर आठवली, फळीतून पाय गेलेली.

"माझं चुकलं, काकू," मी म्हणाले. "गादी उलटी झाली. मला एक तास द्या. फेरी दहाला आहे."

पदरामागून आवाज आला, "तासाभरात नवी शिवणार आहेस?"

"नवी नाही. हीच उलटी करते."

पिशवीत पाना, पक्कड, ब्लेड, चिकटवायचं सोल्युशन, पिना मारायचं यंत्र असं सगळं होतं. अंगणातच फतकल मारून बसले. पाठीची फळी सोडवली, मागच्या सगळ्या पिना उपटल्या, कव्हर काढलं. उजव्या कडेचा फोम उखडून डाव्या कडेला चिकटवला. प्रश्न कव्हरचा होता. त्याचा फुगा उजव्या बाजूला शिवलेला. पण हातमोजा आतून बाहेर काढला की उजव्या हाताचा डाव्याला होतो, तसं कव्हरचं होतं. मी ते आतून बाहेर काढलं. आता ते बरोबर बसलं. फक्त रेक्झिनची काळी चकचकीत बाजू आत गेली आणि मागचं मळकट पांढरं कापड वर आलं. शिवणीच्या सगळ्या कडा, तुटके धागे, लाल गोटाचं कच्चं टोक, जे जे मी आयुष्यभर लपवत आले ते सगळं बाहेर.

प्रशांतने चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला. काकू व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघत होत्या. पदर केव्हा खाली आला होता ते मला कळलं नाही.

"वाईट दिसेल, काकू," मी म्हणाले.

"माझं तोंडही वाकडंच आहे," त्या म्हणाल्या. "जोडी छान दिसेल."

दुसऱ्यांदा त्यांना डब्यात बसवलं. हात सोडले. काकू डावीकडे गेल्या, बोटभर, आणि थांबल्या. उंचवट्याने त्यांना धरलं. त्यांनी काखेखाली हात घालून चाचपलं आणि म्हणाल्या, "अहो, आता उभे काय राहिलात? किक मारा."

काकांनी मला मागे बसायला सांगितलं. म्हणाले, "तुझा हात तिच्या खांद्याशी असू दे." हे आणि प्रशांत स्कूटरवरून मागून आले. मैदान जवळच होतं. कितीतरी गाड्या उभ्या होत्या, स्कूटरी, मोटरसायकली, कुठे पिवळे डबे, कुठे हिरवे. एका डब्यात नऊवारी नेसलेली आजी, एका डब्यात दोन जुळी. सगळ्यांच्या गाद्या चकचकीत. लोक एकमेकांच्या गाड्या वाकून बघत होते, बोट फिरवून बघत होते. काका थांबले तशी माणसं जमली. "काकू आल्या! काकू आल्या!" मी मोटरसायकलवरून उतरून मागे सरकले.

दातांचे डॉक्टर वाकून गादी बघायला लागले. "काका, हे आतलं कापड बाहेर कसं? नवीन पद्धत काढली का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगणार नव्हते. सांगायचं नाही म्हटलं असतं तर कोणीच सांगितलं नसतं.

"नवीन पद्धत नाही," मी म्हणाले. आवाज मला माझाच वाटला नाही. "मी उलटं कापलं. चुकलं. सकाळी फिरवून लावलं."

कोणी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "चुकलं ते तिनं तासात उसवून परत बसवलं. तुम्ही चुकीचा दात काढला तर परत बसवता का हो, डॉक्टर?"

हशा पिकला. डॉक्टर स्वतः सर्वांत मोठ्याने हसले. मग त्यांनी मला विचारलं, "ताई, म्हणजे ह्या सगळ्या गाद्या तुम्ही शिवता?" मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "माझा हात बोलण्यात. शिवण्यात तिचा."

फेरी निघाली. मी पुन्हा काकांच्या मागे बसले. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना उजवं वळण होतं. उजव्या वळणाला डब्यातलं माणूस डावीकडे, बाहेर फेकलं जातं. मला त्याचीच भीती होती. मी हात काकूंच्या खांद्याजवळ धरला, टेकवला नाही. वळण आलं, काकू उंचवट्यावर रेलल्या आणि परत सरळ झाल्या. माझा हात तसाच हवेत राहिला. पुढे सोमेश्वरकडे डावं वळण आलं. तिथे डब्यातल्या माणसाने डावीकडे झुकायचं असतं, म्हणजे चाक उठत नाही. काकूंनी मान वळवून मला ओरडून सांगितलं, "बघ, आता मला झुकावंही लागत नाही. आपोआप झुकते!" रस्त्याच्या कडेला मिसळीच्या हॉटेलबाहेर लोक उभे होते, ते हात हलवत होते. काकूंनी चांगल्या हाताने हात हलवला. पदर वाऱ्याने मागे गेला होता. तो पुढे घ्यायला दुसरा हात चालत नव्हता, आणि हा हात लोकांना हलवण्यात गुंतला होता.

परत मैदानात आल्यावर काकांनी गाडी थांबवली. "दमलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दमलात का?" काकू म्हणाल्या. त्यांनी अजून एक फेरी मारली. त्या फेरीला मी बसले नाही.

मला मात्र ते पांढरं कापड झोपू देईना. मी नवीन रेक्झिन घेतलं, या वेळी खाका पालथा करून दोनदा तपासला. कव्हर शिवून झालं तसं पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी ते घेऊन बसने आनंदवलीला गेले. गेट उघडं होतं, पण दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना? दवाखान्यात नेलं का?"

"कसला दवाखाना!" त्या म्हणाल्या. "दोघं गाडी घेऊन भाजीला गेलेत. रोजच जातात हल्ली. काल तर संध्याकाळपर्यंत आले नव्हते."

मी कव्हर मांडीवर घेऊन पायरीवर बसले. परतीची बस तासाभराने होती. ती चुकली तर पुढची होती.